वाडीत आणि खाडीच्या चिखलात सापडलेल्या चार वस्तू : ओळख पटवण्यासाठी मदत हवी

पोफळवाडी (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

आमचे घर दापोली तालुक्यात, अंजर्ल्याच्या खाडीपासून पायी वीस मिनिटांवर आहे. शिंपणाच्या पाइपलाइनचा जुना लोखंडी जोड वाडीत नेमका कुठे गाडला गेला आहे हे शोधण्यासाठी गेल्या महिन्यात माझ्या आतेभावाने मुंबईहून मेटल डिटेक्टर आणला. जोड पहिल्याच दिवशी मिळाला. पण असे यंत्र हातात असले की माणूस थांबत नाही, आणि पुढचे तीन दिवस आम्ही दोघांनी वाडी, तिच्या मागचा वरकस (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीचा) तुकडा आणि अखेर ओहोटीच्या वेळी खाडीचा काठ पालथा घातला. खिळे, बैलांच्या नाला आणि पत्र्याचे तुकडे बाजूला काढल्यावर चार प्रकारच्या वस्तू उरल्या, आणि त्या लष्करी असाव्यात अशी आम्हाला शंका आहे.

पहिली वस्तू म्हणजे शिशाच्या सात गोळ्या. त्यांपैकी सहा खाडीकडच्या बांधाजवळ एकाच ठिकाणी मिळाल्या आणि त्यांना आरपार भोक आहे. सातवी वरकस जमिनीत वीतभर खोलीवर मिळाली. तिला भोक नाही, एक बाजू चेपलेली आहे, वर पांढुरकी साय धरली आहे आणि सोनाराच्या काट्यावर तिचे वजन ३१.२ ग्रॅम भरले. दुसरी वस्तू पितळी काडतुसाचे रिकामे टरफल आहे. त्याची लांबी ५६ मिलिमीटर असून बुडाला बाहेर आलेली कड आहे, मधल्या टिकलीवर खोलगट ठोका आहे, आणि बुडावर के, एफ ही इंग्रजी अक्षरे, बाणासारखी एक खूण व रोमन सात वाचता येतो. तिसरी वस्तू काळी पडलेली, ३६ मिलिमीटर व्यासाची जाड चकती आहे. तिच्या एका बाजूला राजाचे डोके आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असावा. वरच्या अंगाला काहीतरी तुटल्याची खूण आहे.

चौथी वस्तू लोखंडी गोळा आहे. तो खाडीच्या चिखलात, शिंपल्या आणि वाळू यांच्या दगडासारख्या कवचात अडकलेला होता. आम्ही कवच हातोडीने बरेचसे काढले. शिंप्याच्या टेपने घेर ३२.५ सेंटीमीटर भरतो आणि वाण्याच्या काट्यावर वजन ३ किलो १०० ग्रॅम आले. सध्या तो पडवीत गोणपाटावर वाळत ठेवला आहे. तारेच्या ब्रशने घासून, तेल लावून गणपतीत येणाऱ्या पाहुण्यांना दाखवण्यासाठी ओटीवर ठेवावा असा विचार आहे. आमच्या वरच्या पाखाडीवरून सुवर्णदुर्ग स्वच्छ दिसतो, त्यामुळे हा आंग्र्यांच्या लढाईतला तोफगोळा असावा असे आतेभावाचे ठाम मत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बुरूज_आणि_बारूद

बाकीच्या वस्तूंबद्दल नंतर सविस्तर लिहितो. आधी गोळ्याबद्दल लिहितो, कारण तो घरात आहे.

ओतीव लोखंडाचा भरीव गोळा असेल तर त्याचे वजन घरबसल्या काढता येते. सेंटीमीटरमधील व्यासाचा घन करून त्याला ३.७७ ने गुणले की ग्रॅममध्ये वजन मिळते. आपला घेर ३२.५ म्हणजे व्यास साधारण १०.३५ सेंटीमीटर, आणि त्या मापाचा भरीव गोळा ४ किलो १७५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. हे नऊ पौंडी गोळ्याचे वजन झाले. आपला गोळा त्याहून जवळजवळ चौथ्या हिश्श्याने हलका आहे. याचा एक अर्थ असा निघतो की तो आतून पोकळ असावा, आणि पोकळ गोळा म्हणजे बारूद भरून वातीने फोडायचा बाँब. शोरा, गंधक आणि कोळसा यांची ही बारूद पाण्यात निकामी होते हे खरे. पण वातीचे भोक गंजाने किंवा लाकडी खुंटीने बंद झालेले असेल तर आत काय स्थितीत काय उरले आहे हे बाहेरून कोणीही सांगू शकत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये २००८ साली यादवी युद्धातील असाच एक गोळा निर्धोक करताना एका अनुभवी संग्राहकाचा मृत्यू झाला, आणि तो गोळा सुमारे दीडशे वर्षांचा होता.

म्हणून तारेचा ब्रश, ड्रिल, हातोडी, तेल, ऊन, चूल यांपैकी काहीही त्याच्या जवळ नेऊ नका. तो आता उचलून पुन्हा खाडीत टाकण्याचा विचारही करू नका. मुलांना आणि गुरांना पडवीपासून दूर ठेवा आणि ११२ वर कळवा; जिल्हा पोलिसांचे बाँबशोधक व नाशक पथक याचसाठी असते. आपली चेष्टा होईल असे वाटून बहुतेक लोक फोन करत नाहीत, परंतु अशा फोनची पोलिसांना सवय असते.

भट्टीवाला

मी बावीस वर्षे ओतकामाच्या धंद्यात आहे आणि अशा चर्चांत दर वेळी एकच गोष्ट सांगत आलो आहे की, लोक ज्याला तोफगोळा म्हणून दाखवतात तो बहुधा सिमेंटच्या किंवा खनिज दळण्याच्या गिरणीतला पोलादी गोळा निघतो. जुन्या ओतीव गोळ्यावर दोन अर्धे साचे जुळल्याची रेघ आणि रस ओतल्याच्या जागेची खूण शोधावी. गिरणीच्या गोळ्यावर त्यांऐवजी घासून आलेले सपाट डाग दिसतात. मात्र या वेळी वजनानेच माझे म्हणणे खोडले आहे. पोलादी गोळा या मापात साडेचार किलो भरला असता. जाळ्याचा पोकळ लोखंडी तरंगा म्हणावे, तर तो पाण्यावर तरंगण्यासाठी या मापात ५८० ग्रॅमच्या आत असायला हवा.

तरीही हलका म्हणजे पोकळच, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. ओतीव लोखंड खाऱ्या पाण्यात शेकडो वर्षे राहिले की त्यातले लोखंड हळूहळू विरघळून जाते आणि ग्रॅफाइटचा सांगाडा मागे उरतो. आकार जसाच्या तसा राहतो, पण वजन कमी होते आणि पृष्ठभाग सुरीने कोरता येईल इतका मऊ होतो. चौथा हिस्सा वजन केवळ याच कारणाने गेलेले असू शकते. असा गोळा उघड्यावर वाळू लागला की भराभर गंजतो, कधी हाताला जाणवेल इतका तापतो, आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटून फुटतो. कवच हातोडीने काढले नसते तर बरे झाले असते, कारण त्या कवचानेच तो टिकवला होता. मला तो भरीव वाटतो. पण माझ्या वाटण्यावर आपण पडवीत बसू नये, पथकाला बोलवावेच.

बुरूज_आणि_बारूद

भट्टीवाले यांचा मुद्दा मान्य आहे. केवळ वजनावरून दोहोंतला फरक करता येत नाही. आता उरलेल्या वस्तूंबद्दल आणि आंग्र्यांबद्दल लिहितो.

भोके असलेल्या सहा गोळ्या लष्करी नाहीत. पागाच्या, म्हणजे फेकून मासे धरायच्या जाळ्याच्या, घेराला ओवतात ती ही शिशे आहेत, आणि खाडीच्या बांधाजवळ एकत्र सापडल्या म्हणजे कोणाचे तरी जाळे तिथेच कुजले. सातवी मात्र खरोखर बंदुकीची गोळी आहे. अशा गोळीचा व्यास मोजू नये, कारण ती चेपलेली असते. वजन घ्यावे आणि त्यावरून मूळ व्यास काढावा. शिशाच्या ३१.२ ग्रॅमचा वाटोळा गोल साधारण साडेसतरा मिलिमीटरचा होतो. कंपनी सरकारच्या पायदळाकडे जी गुळगुळीत नळीची चकमकीची बंदूक असे, तिची नळी १९ मिलिमीटरची होती आणि तिची गोळी याच मापाची असे. बारुदीची काजळी धरल्यावरही ठासता यावी म्हणून गोळी नळीपेक्षा मुद्दाम लहान ठेवत.

एवढ्यावरून ही कंपनीच्या शिपायाची गोळी आहे असे मी लिहून देणार नाही. देशी तोड्याच्या (जळत्या वातीने डागायच्या) बंदुकांना ठरावीक माप नव्हते, आणि कोकणात रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत सर्रास वापरात होती. गोळ्या घरीच साच्यात ओतत. वरकस जमिनीत, रानाच्या कडेला, एकटीच सापडलेली चेपलेली गोळी ही लढाईपेक्षा डुकराला नेम चुकलेल्या शेतकऱ्याची असण्याचा संभव मला अधिक वाटतो. त्याच तुकड्यात अशा दहा-वीस गोळ्या एका दिशेने विखुरलेल्या मिळाल्या असत्या तर मी वेगळे बोललो असतो. पांढुरकी साय शिशाच्या क्षारांची आहे. ती घासू नका आणि हाताळल्यावर हात धुवा.

टरफल .३०३ रायफलचे आहे, यात मला शंका नाही. ५६ मिलिमीटर लांबी आणि बुडाची कड दोन्ही जुळतात. के-एफ हा पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का आहे, बाण ही सरकारी मालमत्तेची ब्रिटिश खूण आहे आणि रोमन सात म्हणजे १९१० साली आलेली सातव्या नमुन्याची टोकदार गोळी. जवळच दोन अंक असतील तर ते बहुधा सालाचे असतात, तेव्हा भिंगातून पाहावे. टिकलीवर ठोका आहे म्हणजे ते झाडलेले आहे. ही रायफल दोन महायुद्धांत होती आणि पुढे अनेक दशके पोलिसांच्या हातीही राहिली, त्यामुळे केवळ टरफलावरून युद्धाची कथा रचता येणार नाही. पुढे कधी गोळीसकट, ठोका नसलेले काडतूस मिळाले तर ते खिशात घालून घरी आणू नये. परवान्याशिवाय ते बाळगणे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

आता आतेभावांच्या मताकडे वळतो. एप्रिल १७५५ मध्ये कंपनीचा कमोडोर विल्यम जेम्स याने पेशव्यांच्या बाजूने तुळाजी आंग्र्यांविरुद्ध सुवर्णदुर्गावर मारा केला हे खरे आहे. त्याच्या ताफ्यात बाँब फेकणारी गलबते होती आणि एका बाँबने किल्ल्यात आग लागून दारूकोठार उडाले, असे वर्णन इंग्रजांनी लिहून ठेवले आहे. परंतु त्या गलबतांवरच्या उखळी तोफांचे गोळे आपल्या गोळ्याच्या दुपटीहून मोठे असत, आणि सुवर्णदुर्गावर टाकलेला गोळा अंजर्ल्याच्या खाडीच्या आत येऊन पडत नाही. दहा सेंटीमीटरचा गोळा कोणत्याही गुराबेवर (लढाऊ गलबतावर), कोणत्याही व्यापारी जहाजावर असू शकतो. शिवाय या किनाऱ्यावर पोर्तुगीज, सिद्दी, इंग्रज, आंग्रे यांच्या तोफा एकमेकांच्या हाती इतक्या वेळा गेल्या की गोळ्यावरून मालक ठरवणे फसवे ठरते. मलाही तो आंग्र्यांचा निघालेला आवडला असता.

माजी_सैनिक_खेड

चकती हे पदक आहे. ३६ मिलिमीटर व्यास, एका बाजूला पाचव्या जॉर्जचे डोके आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार व १९१४-१९१८ ही साले असतील, तर ते पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल आहे. तुटलेला भाग म्हणजे फीत अडकवायची आडवी पट्टी. लढाऊ शिपायांना ते चांदीचे मिळे, तर हमाल आणि मजूर पथकांतील लोकांना काशाचे; आपले काळे पडले आहे त्यावरून चांदीचे दिसते.

यातली सर्वांत मोलाची जागा म्हणजे कड. पदक उभे धरून कडेवर भिंग फिरवले तर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली आढळेल. ही अक्षरे उथळ असतात. चिंच, राख, टूथपेस्ट, चांदीची पॉलिश यांपैकी काहीही लावले तर प्रथम तीच जातील. साध्या पाण्यात भिजवून, मऊ कापडाने टिपून, तिरप्या उजेडात वाचावे. सकाळचे कोवळे ऊन खिडकीतून आडवे येते तेव्हा जितके वाचता येते तितके दुपारच्या लख्ख उन्हात येत नाही, हा स्वतःचा अनुभव आहे.

आपल्या भागात हे पदक सापडणे स्वाभाविक आहे. रत्नागिरी जिल्हा हा मुंबई सैन्याच्या भरतीचा जुना प्रदेश आहे, आणि दापोली तर निवृत्तिवेतनधारक सैनिकांचे गाव म्हणूनच वाढले. जुनी माणसे अजूनही कॅम्प दापोली म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले होते. कडेवर नाव मिळाले तर ते येथे जाहीर न लिहिता रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. पलटण मराठा असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राकडेही पत्र पाठवता येईल.

जांभा_चिरा

मी तहसील कचेरीत अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून जमिनीत सापडलेल्या वस्तूंबद्दलच्या कायद्याची बाजू मांडतो. ती कोणीच काढली नाही.

१८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली तर काय सापडले, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपये ही रक्कम आज हास्यास्पद वाटेल, पण कायद्यात तीच आहे, आणि न कळवल्यास एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. जमीन आपल्याच सातबाऱ्यावर आहे एवढ्याने सुटका होत नाही. खाडीच्या भरती-ओहोटीचा पट्टा तर आपला नाहीच; तो सरकारी आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो, त्यामुळे ती विकण्याचा किंवा परदेशी पाठवण्याचा विचार दूर ठेवावा.

यंत्र घेऊन हर्णैच्या बाजूला जायचा मोह झाला असेल तर तो आवरावा. सुवर्णदुर्ग केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी स्थळांच्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. तेथे परवानगीशिवाय उकरणे थेट गुन्हा ठरेल. आणि एक विनंती आहे. प्रत्येक वस्तू नेमकी कुठे, किती खोल, कशाशेजारी मिळाली हे आठवते आहे तोवर आजच कागदावर लिहा. वर सातव्या गोळीबद्दल जे काही निश्चित सांगता आले, ते ती वरकस जमिनीत एकटी होती हे आपण लिहिले म्हणूनच सांगता आले.

पोफळवाडी

उत्तर द्यायला बारा दिवस लागले, त्याबद्दल क्षमस्व.

पहिला प्रतिसाद वाचला त्याच संध्याकाळी आईला आणि मुलांना शेजारी काकांकडे पाठवून ११२ वर फोन केला. गावात थोडी चेष्टा झाली, ती अजून चालू आहे. दुसऱ्या दिवशी पोलीस आणि नंतर पथक आले. तोवर भट्टीवाले यांनी लिहिल्याप्रमाणे गोळ्याचे पापुद्रे सुटू लागले होते, आणि एका बाजूचा पापुद्रा आपोआप गळून पडल्यावर तेथे बोटाच्या पेराएवढा वाटोळा खळगा उघडा पडला. त्यात काळपट, लाकडासारखे काहीतरी घट्ट बसलेले होते. आम्ही तो लांबून, उंबऱ्यातूनच पाहिला. पथकाने वाळूच्या पेटीतून गोळा नेला. ज्या हातोडीने मी कवच काढले ती पडवीत खुंटीला टांगलेली आहे, आणि येता-जाता तिच्याकडे लक्ष जातेच.

टरफलावर सात या आकड्याशेजारी चार आणि तीन असे अंक निघाले. तहसील कार्यालयात लेखी कळवले असून सोबत वाडीचा हाताने काढलेला नकाशा जोडला आहे. आतेभाऊ यंत्र परत घेऊन गेला. गोळा आंग्र्यांचा नाही हे त्याला अजून मान्य नाही.

पदकाची कड सकाळच्या उन्हात वाचली. क्रमांकाचे पहिले दोन अंक गेले आहेत. शिपाई हा हुद्दा, नाव आणि त्यापुढे ११० मराठा एवढे स्पष्ट आहे. या पलटणीबद्दल काही सांगता येईल का?

भट्टीवाला

लाकडी खुंटी बसवलेले भोक म्हणजे पोकळ गोळाच. माझा अंदाज चुकला.

माजी_सैनिक_खेड

११० वी मराठा लाइट इन्फंट्री मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) मोहिमेत सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ती अडकली आणि शरणागतीनंतर तिचे शिपाई तुर्कांचे कैदी झाले. १९२२ च्या पुनर्रचनेत तीच पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण झाली. मात्र पलटणीचे नाव कडेवर आहे म्हणून हा शिपाई कुतमध्ये होताच असे धरू नये. डेपोत राहिलेले आणि मागाहून भरती झालेलेही पुष्कळ होते. तो युद्धात मरण पावला असेल तर कॉमनवेल्थ युद्ध समाधी आयोगाच्या यादीत नाव मिळेल, तेथे पाहावे. पण पदक आपल्या जमिनीत निघाले, त्याअर्थी तो किंवा त्याच्या घरचे कोणीतरी तेथे राहत असावे. चकती सापडली ती जागा कशी आहे?

पोफळवाडी

आयोगाच्या यादीत त्या नावाचा ११० व्या पलटणीतला शिपाई मला आढळला नाही. जागा म्हणाल तर वाडीच्या मागच्या कोपऱ्यात जांभ्याच्या चिऱ्यांचे एक जुने जोते आहे, त्याच्या पायरीपासून दीड हातावर. आम्ही लहानपणापासून त्याला गोठ्याचे जोते समजत आलो. खालच्या वाडीतल्या आजींना काल नाव वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी ते आडनाव ओळखले आणि त्या कुटुंबातली मुले गिरणीत कामाला मुंबईला गेली ती परत आली नाहीत, असे सांगितले. सैनिक कल्याण कार्यालयात सोमवारी जात आहे.